हवामानाचा लढा आणि आपले तरुण

(परभणी जिल्ह्यातील तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी कित्येकांस आश्चर्य वाटले असेल. हवामानबदल हा आपल्या समाजाचा प्रश्न केव्हापासून झाला? आपल्यापुढे शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे, गायरान जमिनीचा प्रश्न आहे, अत्याचाराच्या खटल्यांचा प्रश्न आहे. असे असता मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू मुलांनी हाती फलक धरून चालविलेल्या चळवळीची उठाठेव आपण का करावी? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर दिल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही, आणि जे तरुण आज येथे नाहीत व हे भाषण या पाक्षिकात वाचतील, त्यांनीही ही शंका मनात ठेवूनच ते वाचावे.

एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा ४४ अंशांच्या पलीकडे जातो. वर्तमानपत्रे ती बातमी पहिल्या पानावर छापतात. बातमीशेजारी रसवंतीगृहाचे किंवा तोंडाला रुमाल बांधून सायकलीवरून जाणाऱ्या विद्यार्थिनींचे छायाचित्र असते. वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाचे छायाचित्र मी तरी क्वचितच पाहिले आहे. ऊन सर्वांना सारखेच लागते, असे म्हणण्याची रीत आहे. ती रीत ज्यांच्या डोक्यावर स्लॅबचे छप्पर आहे त्यांनी पाडलेली आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी एक वाजता तान्हे मूल घेऊन बसलेल्या आईस ऊन निराळे लागते. गटार उपसणाऱ्यास, रस्त्यावर डांबर ओतणाऱ्यास, गंगाखेडच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीस गेलेल्या जोडप्यास ते आणखी निराळे लागते. या माणसांची नावे काढा, त्यांच्या वस्त्या कोणत्या ते पाहा, म्हणजे हा प्रश्न आपला आहे किंवा नाही हे मला सांगावे लागणार नाही.

पाण्याचेही तेच. १९७२ चा दुष्काळ तुमच्या आजोबांनी खडी फोडून काढला. त्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्यानंतर २०१२-१३ आले, २०१४ व २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे आली, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेण्याची पाळी आली. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा. परभणी जिल्हा त्याच्या शेपटाकडे. शेपटाकडच्या माणसाला पाणी शेवटी मिळते, आणि गावात टँकर आला म्हणजे शेपटाकडची वस्ती कोणती असते, तो आधी कोणाच्या आडात रिता होतो, हे मी तुम्हांस सांगण्याची आवश्यकता नाही.

आता नेमके उलट घडू लागले आहे. जे पाणी चार महिन्यांत पडावयाचे ते चार दिवसांत पडते. सप्टेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन हाताशी आलेले सोयाबीन व कापूस पाण्याखाली गेला. पंचनामे झाले, ज्याच्या नावाचा सातबारा, त्याला अपुरी का होईना परंतु मदत जाहीर झाली. परंतु सोयाबीनची काढणी करून आणि कापूस वेचून ज्या बाईच्या घरी दिवाळी होते, तिचे काय बुडाले? तिचे तीस-चाळीस दिवसांचे रोज बुडाले. ते कोणत्या पंचनाम्यात लिहिले गेले? पंचनाम्याच्या कागदात मजुरीचा रकानाच नाही. ज्याने गायरानात दोन एकर वहिती केली आणि ज्याच्या नावावर अद्याप जमीन झाली नाही, त्याचे पीक वाहून गेले तरी ते कागदावर कधी उगवलेच नव्हते.

हे का घडते? आकाशातील कोणा देवतेच्या कोपामुळे घडते असे मानणारी मंडळी अजून आहेत व ती धोंडी काढतात. आपण कार्यकारणभाव मानणारे लोक आहोत. कारण शोधावे, म्हणजे उपाय सापडतो. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड वायू सुमारे २८० भाग होता. कोळसा, तेल व वायू जाळून तो आज ४२० भागांच्या वर गेला आहे. हा वायू पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हवा तापली म्हणजे ती अधिक बाष्प धरून ठेवते, म्हणून पाऊस ओढ धरतो आणि पडतो तेव्हा कोसळतो. दुष्काळ आणि अतिवृष्टी एकाच वर्षात एकाच तालुक्यात कशी येते, याचा उलगडा येथे होतो. २०२४ हे वर्ष मोजमाप सुरू झाल्यापासून सर्वांत उष्ण ठरले. कारखान्यांपूर्वीच्या काळाच्या मानाने त्या वर्षीची सरासरी दीड अंशाहून अधिक होती. हीच दीड अंशाची मर्यादा राखण्याचा प्रयत्न करू, असे जगातील राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिसला लिहून दिले होते.

फार दूर जाऊ नका, शेजारच्या परळीकडे पाहा. तेथील औष्णिक वीजकेंद्र कोळसा जाळते आणि त्यास लागणारे पाणी आपल्या सोनपेठ तालुक्यातील खडका येथील गोदावरीच्या बंधाऱ्यातून जाते. २०१३ साली दुष्काळाने त्या बंधाऱ्यात पाणी उरले नाही आणि वीजकेंद्राचे सर्व संच बंद करावे लागले. २०१५ च्या पावसाळ्यात पुन्हा तीच गत झाली. कोळशाने हवा तापते, तापलेल्या हवेने पाऊस बेभरवशाचा होतो, आणि पाऊस नाही म्हणून कोळशाचे केंद्रही थांबते. बाकीचे शास्त्र ज्यास कठीण वाटेल त्याने एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

आता त्या चळवळीकडे वळू. ऑगस्ट २०१८ मध्ये स्वीडन देशातील ग्रेटा थनबर्ग नावाची पंधरा वर्षांची मुलगी शाळेत न जाता आपल्या देशाच्या संसदेपुढे एकटी फलक घेऊन बसली. वर्षभरात तिचे अनुकरण जगभर झाले. सप्टेंबर २०१९ च्या एका आठवड्यात, संयोजकांच्या गणनेप्रमाणे, सत्तर लाखांहून अधिक लोक रस्त्यावर आले. मुंबई व दिल्लीतही विद्यार्थी बाहेर पडले. ज्यांना अद्याप मताचा अधिकार नाही, परंतु ज्यांस या तापलेल्या पृथ्वीवर सर्वांत अधिक वर्षे काढावयाची आहेत, त्यांनी मोठ्यांस जाब विचारला, एवढाच या चळवळीचा अर्थ. जो वर्ग निर्णयात नाही आणि परिणामांत मात्र पुरता आहे, त्याचे दुःख आपल्यापेक्षा अधिक कोणास कळावे?

महाराष्ट्रात या चळवळीची खरी कसोटी मुंबईच्या आरे वसाहतीत लागली. मेट्रो रेल्वेच्या तिसऱ्या मार्गाच्या कारशेडसाठी तेथील २,१८५ झाडे तोडण्यास व ४६१ झाडे दुसरीकडे लावण्यास मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये मान्यता दिली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. तरुण मुले-मुली धावून गेली. जमावबंदी पुकारण्यात आली, २९ जणांस अटक होऊन कोठडीत पाठविण्यात आले. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांस पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका मानून ७ ऑक्टोबर रोजी वृक्षतोड थांबविली. तोपर्यंत २,१४१ झाडे पडून गेली होती.

पुढची कथा तितकीशी उज्ज्वल नाही, परंतु ती सांगितली पाहिजे. सरकार बदलले तेव्हा काम थांबले, खटले मागे घेण्याची घोषणा झाली, कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले. पुन्हा सरकार बदलले आणि २०२२ मध्ये कारशेड आरेत परत आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या मार्गावरून गाड्याही धावू लागल्या. मग तरुणांनी काय मिळविले? सुमारे ८०० एकर भूमी वन म्हणून घोषित झाली. आणि आरेतील सत्तावीस आदिवासी पाड्यांची नावे मुंबईच्या लोकांनी प्रथमच ऐकली. ही दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. वारली व कोकणा कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती आणि त्यांना वीज-पाणी नाही याचे दुःख शहरास कधी झाले नव्हते. झाडांसाठी आलेल्या मुलांस झाडांखालची माणसे दिसली. प्रारंभीच दिसली असती तर अधिक चांगले झाले असते.

माझा या चळवळीवर आक्षेप आहे तो येथेच. तिची भाषा बहुशः इंग्रजी, तिचे फलक छायाचित्रासाठी रंगविलेले, आणि तिच्या मागण्यांत मजुराचा रोज क्वचितच. परंतु दोष दाखवून घरी बसणे हे शहाणपण नव्हे. जी पंक्ती आपणांस वगळून बसते तिला नावे ठेवून पोट भरत नाही.

कोणी म्हणतील, आमच्या घरात पंखा नीट चालत नाही आणि तुम्ही आम्हांस कोळसा बंद करावयास सांगता! मी तसे सांगत नाही. भारतातील माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अमेरिकेतील माणसामागे सुमारे चौदा टन. परंतु भारताचे दोन टन ही सरासरी आहे, आणि सरासरीच्या पदराखाली फार मोठे लोक लपतात. पालमच्या सालगड्याचे आणि मुंबईच्या कारखानदाराचे टन एकत्र करून भागाकार केला म्हणजे सालगडीही पापाचा वाटेकरी ठरतो. जगात भारताने जो न्याय मागावयाचा, तोच न्याय भारतात आपण मागितला पाहिजे.

आणि न मागितल्यास काय होते, हेही आता दिसू लागले आहे. सूर्यापासून वीज करणे हा या संकटावरचा खरा उपाय आहे. त्यास माझा विरोध नाही. परंतु त्या उपायास जमीन लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० या योजनेत शासकीय व गायरान जमिनी सौर प्रकल्पांस दिल्या जातात. मराठवाड्यातील गायराने कोणी वहितीखाली आणली? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली व पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची वहिती नियमित करावी असा शासननिर्णय १९९१ साली झाला. त्याची अंमलबजावणी कोठे झाली, कोठे कागदावरच राहिली. अशी कागदावर राहिलेली जमीन सरकारच्या नोंदीत मोकळी दिसते. उद्या पृथ्वी वाचविण्याच्या पवित्र नावाने तिच्यावर काचेचे पाट उभे राहतील आणि ज्याने कमीत कमी धूर केला त्याचीच भाकरी जाईल. हवामानाच्या लढ्यात आपण नसलो तर त्या लढ्याचा खर्च आपल्या माथी बसेल. म्हणून मी म्हणतो की, सौर प्रकल्पास जागा देण्यापूर्वी त्या गायरानातील वहितदारांची यादी ग्रामसभेत वाचली जावी.

काहींस वाटेल की हा विषय आपल्या परंपरेत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ काढून पाहा. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? म्हातारा, रोगी व प्रेत पाहून, ही पारंपरिक कथा बाबासाहेबांनी नाकारली. शाक्य व कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव आणला. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ भर सभेत त्या ठरावाविरुद्ध उभा राहिला. चौकशी व्हावी, दोन्ही बाजूंनी पंच नेमावेत, अशी त्याची सूचना होती. ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली, आणि सैन्यात जाण्याऐवजी त्याने परिव्रज्या पत्करली. एका तरुणाने नदीच्या पाण्याच्या प्रश्नावर आपल्याच ज्येष्ठांस केलेला हा विरोध आहे.

बाबासाहेबांनी पाण्याचा विचार केवळ महाडच्या तळ्यापुरता केला नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते. सिंचन व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळातील. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, पुराचे पाणी शत्रू समजून समुद्रात लोटून देण्याची दृष्टीच चुकीची आहे; पाणी ही लोकांची संपत्ती आहे व ती साठविली पाहिजे. नदीचा विचार एका गावापुरता किंवा प्रांतापुरता न करता साऱ्या खोऱ्याचा करावा, हे सूत्र त्या धोरणात होते. पुढे मोठ्या धरणांनी हजारो आदिवासींस विस्थापित केले हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु ज्या जिल्ह्यात एका सप्टेंबरात पूर व पुढच्या मे महिन्यात टँकर, तेथे ऐंशी वर्षांपूर्वीचा तो विचार शिळा झालेला नाही.

आता अधिकाराविषयी बोलतो. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात असे मान्य केले की, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये अंतर्भूत आहे. खटला होता माळढोक पक्ष्याचा आणि विजेच्या तारांचा. पक्ष्याच्या निमित्ताने माणसास एक हक्क मिळाला. महाडच्या सत्याग्रहास सत्त्याण्णव वर्षे पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा निकाल यावा, हा निव्वळ योगायोग आहे. तरी मला तो सांगावासा वाटला. न्यायालयाने शब्द दिला आहे, त्यात अर्थ भरण्याचे काम मागणाऱ्यांचे आहे. समतेचा हक्क त्यात गोवलेला आहे, हे वकिलीचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी विशेष ध्यानात घ्यावे.

परंतु मागणे निर्धोक नाही. २०२० च्या जुलैत, पर्यावरणविषयक नव्या अधिसूचनेविरुद्ध मंत्र्यांस पत्रे पाठविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संकेतस्थळास दिल्ली पोलिसांनी जी नोटीस दिली तीत दहशतवादविरोधी कायद्याचे कलम होते. मागाहून ती मागे घेण्यात आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बंगळूरची दिशा रवी ही तरुणी राजद्रोहाच्या आरोपाखाली धरली गेली. पुरावा तुटपुंजा आहे असे सांगून न्यायालयाने तिला जामीन दिला. त्याच प्रकरणात आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील एका तरुण अभियंत्यास अटकेच्या भीतीने औरंगाबाद खंडपीठाकडे धावावे लागले.

आणि परभणीच्या माणसास हे बाहेरून ऐकण्याची गरज काय? १० डिसेंबर २०२४ रोजी या शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदास हिंसक वळण लागले, धरपकड झाली, आणि अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या मृत्यूबाबत गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्या डिसेंबरानंतर मुलगा मोर्चास जातो म्हटला की आईचा जीव घाबरा होतो. त्या आईस भित्री म्हणण्याचा अधिकार मला नाही, तुम्हांसही नाही. म्हणून जे करावयाचे ते पूर्ण शिस्तीने करा. पोलिसांस लेखी सूचना द्या व तिची पोच घ्या. जिल्ह्यात मनाई आदेश वरचेवर निघतात. तो लागू आहे काय याची आधी चौकशी करा. एका वकिलाचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाच्या खिशात असू द्या. अनुच्छेद १९ ने शांततेने व निःशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे. त्यातील 'शांततेने' हा शब्द तुमच्या हातून ढळू देऊ नका, कारण आपल्या बाबतीत तेवढे निमित्तही पुष्कळ होते.

आणखी एक गोष्ट. स्वीडनच्या मुलीने शुक्रवारी शाळा सोडली; तुम्ही सोडू नका. त्या देशात शाळा गृहीत धरलेली आहे, म्हणून ती सोडण्यात निषेध आहे. आपल्या घरात ती पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीत आली आहे. तुमचा निषेध रविवारी करा, किंवा तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी करा. तेथे मजूर असतो, शेतकरी असतो, आणि फलक मराठीत असेल तर तो वाचतो. शेतकरी कोणत्या जातीचा हे पाहू नका. ज्याचे सोयाबीन वाहून गेले तो या प्रश्नात तुमचा सोबती होऊ शकतो. मात्र मजुरीच्या मागणीच्या वेळी तो बरोबर उभा राहतो काय, हे डोळे उघडे ठेवून पाहा.

वृक्षारोपणाचे समारंभ करून समाधान मानू नका. पाहुण्याने खड्ड्यात रोप ठेवावे, छायाचित्र निघावे आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसऱ्या पाहुण्याने दुसरे रोप ठेवावे, हा कार्यक्रम आपण पुष्कळ पाहिला. मागा ते असे मागा की ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे द्यावे लागेल. एप्रिल व मे महिन्यांत दुपारी बारा ते चार उघड्यावरचे काम बंद राहील व रोज कापला जाणार नाही काय? अतिवृष्टीच्या पंचनाम्यात भूमिहीन मजुराच्या बुडालेल्या दिवसांची नोंद होईल काय? टँकरची पहिली खेप नळाच्या शेवटच्या टोकाच्या वस्तीत जाईल काय? उन्हाळ्यात समाजमंदिर, शाळा, पंचायतीची इमारत ही पत्र्याच्या घरांतील म्हाताऱ्यांसाठी व लेकरांसाठी दुपारची उघडी राहील काय? आपल्याच जिल्ह्यात कृषी विद्यापीठ आहे, तेथे तापमान रोज मोजले जाते. त्या आकड्यांवरून कोणत्या दिवशी काम थांबवावे हे ठरविणे मुळीच अवघड नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याची रीत आहे. तिच्या गणपूर्तीस मतदारांपैकी शेकडा पंधरा किंवा शंभर, यांतील जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. शंभर माणसे आपल्या वस्त्यांतून सहज निघतात. वर सांगितलेल्या मागण्या एका कागदावर मराठीत लिहा, आठ दिवस आधी ग्रामसेवकाकडे द्या आणि त्याच्या सहीची पोच घ्या. सभेत ठराव वाचला गेला म्हणजे तो इतिवृत्तात लिहिला गेला काय हे तेथेच उभे राहून पाहा, आणि उठण्यापूर्वी नकलेसाठी अर्ज द्या. नाकारला गेला तर नाकारल्याची नोंदही मागून घ्या. कलेक्टर कचेरीकडे जाताना ती नोंद अर्जाच्या वर लावावी लागेल.